डॉ. आनंदीबाई जोशी : अन्न, ताण आणि थकव्यामागचा आजार

थकवा, डोकेदुखी, भूक न लागणे, चिडचिड, कशातच लक्ष न लागणे. घोडबंदर रोडवर कापूरबावडीपासून कासारवडवलीपर्यंत कोणत्याही जनरल फिजिशियनच्या दवाखान्यात तासभर बसलात, तर या तक्रारी दोन-चार वेळा तरी कानावर पडतील. पेशंटबरोबर आलेल्या माणसाकडे बहुतेक वेळा कारणही तयार असते. कोणी सांगते की ती फार टेन्शन घेते. कोणी सांगते की तो वेळेवर जेवत नाही. अनेकदा दोन्ही खरे असते. आहार आणि ताण या दोन्हींचा आपल्या मेंदूवर आणि मनःस्थितीवर परिणाम होतो, हे आता चांगले माहीत आहे.

पण कारण सापडले असे वाटून तिथेच थांबले, तर काही वेळा तिसरे कारण नजरेतून सुटते. हे तिसरे कारण म्हणजे शरीरात वाढत असलेला एखादा आजार. ही तिन्ही कारणे एकमेकांत कशी गुंततात, हे समजून घेण्यासाठी या लेखात आपण डॉ. आनंदीबाई जोशी यांचे आयुष्य पाहणार आहोत. त्यांची ओळख पाश्चात्त्य वैद्यकशास्त्राची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक, अशी सर्वांना आहे. त्यांच्या आयुष्याकडे इथे एका डॉक्टरच्या नजरेने पाहू.

कल्याणची यमुना

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५. वडील गणपतराव अमृतेश्वर जोशी हे कल्याणचे. घराणे जुने, जमीनजुमला असलेले, पण आर्थिक स्थिती उतरणीला लागलेली. यमुनेचे बालपण कल्याणात गेले. वयाच्या नवव्या वर्षी तिचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. ते पोस्ट खात्यात नोकरीला होते, विधुर होते आणि तिच्यापेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली.

बायकोने शिकलेच पाहिजे असा गोपाळरावांचा हट्ट होता. त्या काळात ही गोष्ट फार दुर्मीळ होती आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण त्या हट्टाची पद्धत कठोर होती. अभ्यास सोडून ती स्वयंपाकघरात गुंतलेली दिसली की ते संतापत आणि मारहाणही करत. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी या माराची आठवण स्पष्ट शब्दांत करून दिली होती. ज्यांच्यामुळे त्या शिकल्या, त्यांचीच त्यांना भीतीही वाटत होती.

डॉक्टर म्हणून या गोष्टीकडे दुर्लक्ष करता येत नाही. बालपणातला सततचा धाक मुलाच्या शरीरात नोंदला जातो. धोका जाणवला की मेंदू मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना संदेश पाठवतो. त्यातून अ‍ॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात येतात. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तातली साखर वाढते, शरीर पळायला किंवा झुंजायला तयार होते. धोका टळला की ही व्यवस्था शांत होते. पण धोका घरातच असेल आणि रोजचाच असेल, तर ती पूर्ण शांत होत नाही. झोप उथळ होते, भूक बिघडते, छोट्या आवाजानेही दचकायला होते. बालपणी असा ताण सोसलेल्या माणसांमध्ये पुढे नैराश्य आणि चिंतेचे विकार जास्त प्रमाणात आढळतात. सर्वांनाच तसे होते असे नाही. अशा परिस्थितीतून अनेक जण खंबीरपणे उभे राहतात. आनंदीबाई त्यांपैकीच एक होत्या.

दहा दिवसांचे बाळ

चौदाव्या वर्षी आनंदीबाई आई झाल्या. मुलगा झाला, पण तो दहा दिवसच जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो वाचला असता, ही खंत त्यांच्या मनात राहिली. स्वतः डॉक्टर व्हायचे हे त्यांनी ठरवले, त्यामागे हे दुःख होते.

यात शरीराचाही भाग आहे. चौदा वर्षांच्या मुलीची स्वतःचीच वाढ पूर्ण झालेली नसते. गर्भारपणात बाळासाठी लोह, कॅल्शियम, प्रथिने तिच्याच साठ्यातून जातात. बाळंतपणात रक्त जाते. त्या वेळी लोहाच्या गोळ्या किंवा हिमोग्लोबिनची तपासणी सर्रास मिळत नव्हती. आज या सोयी आहेत, तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आहे.

रक्तक्षय म्हटले की आपल्याला फिकट चेहरा आणि धाप आठवते. पण लोहाची कमतरता मेंदूलाही जाणवते. मनःस्थिती आणि उत्साह यांच्याशी संबंधित असलेली डोपामिन, सेरोटोनिन यांसारखी रसायने तयार करायला मेंदूला लोह लागते. लोह कमी पडले की लक्ष लागत नाही, लवकर चिडायला होते, सकाळी उठल्यापासूनच थकल्यासारखे वाटते. बाळंतपणानंतरच्या उदासीमध्येही रक्तक्षय भर घालू शकतो. म्हणून बाळंतपणानंतर सून गप्प गप्प राहते, रडते, बाळाकडे बघत नाही असे दिसले, तर तिचे मन आणि तिचे रक्त, दोन्ही तपासायला हवे.

कलकत्त्यातली डोकेदुखी

गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या आणि आनंदीबाई त्यांच्याबरोबर फिरत राहिल्या. अलिबाग, कोल्हापूर, भूज, आणि पुढे कलकत्ता. कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला. तो तिकडच्या एका मासिकात छापला गेला. १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर यांनी दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या तो वाचला आणि आनंदीबाईंना पत्र पाठवले. या दोघींची मैत्री शेवटपर्यंत टिकली. आनंदीबाई त्यांना मावशी मानत.

कलकत्त्यात आनंदीबाईंची तब्येत ढासळू लागली. सतत डोकेदुखी, अशक्तपणा, अधूनमधून ताप, कधी कधी धाप. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेतून औषधे पाठवली, पण गुण आला नाही. त्याच काळात रस्त्यातून नवऱ्याबरोबर चालणारी शिकलेली मराठी बाई म्हणून लोक त्यांच्याकडे रोखून बघत, शेरे मारत. नवे शहर, नवी भाषा, आप्त दूर, आणि डोक्यावर परदेशी जाण्याचे मोठे स्वप्न.

आज अशी पेशंट समोर आली, तर डोकेदुखी आणि थकव्याला ताण हे कारण पुरेसे वाटेल. ताणाने मानेचे आणि कपाळाचे स्नायू आखडतात, झोप बिघडते, डोके दुखते. पण त्यांच्या तक्रारींच्या यादीत ताप आणि धाप होती. नुसत्या ताणाने वारंवार ताप येत नाही. तक्रारींच्या यादीत ताप, धाप किंवा वजन घटणे आले, की कारण शरीरात शोधावे लागते. शोधण्याची साधने मात्र तेव्हा फार थोडी होती. एक्स-रेचा शोधच १८९५ मध्ये लागला.

तब्येत अशी असतानाही जायचे ठरले. गोपाळरावांची बदली आता श्रीरामपूरला झाली होती. तिथे २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी जाहीर भाषण केले. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज का आहे, हे त्यांनी सांगितले. आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, पोशाख आणि खाणेपिणे बदलणार नाही, असेही सर्वांसमोर जाहीर केले. वय अठरा पूर्ण व्हायला अजून महिना होता. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली आणि ४ जूनला त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. गोपाळराव मागेच राहिले होते.

फिलाडेल्फिया : धूर की थंडी

उन्हाळा रोझेलला कार्पेंटर कुटुंबात गेला. तिथे घर होते, माणसे होती. शरद ऋतूत आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियामध्ये दाखल झाल्या. १८५० मध्ये स्थापन झालेले हे कॉलेज फक्त स्त्रियांसाठी होते. डीन रेचेल बॉडली यांनी त्यांना शिष्यवृत्तीसह प्रवेश दिला. जपानच्या केई ओकामी आणि सिरियातून आलेल्या साबात इस्लांबूली याही त्याच काळात तिथे शिकत होत्या. या तिघींचा १८८५ मधला एक फोटो आजही अनेकांनी पाहिलेला असतो. त्यात आनंदीबाई साडीत आहेत.

अभ्यासात त्या मागे पडल्या नाहीत. पण राहणे अवघड झाले. मिळालेल्या खोलीतली शेकोटी नीट चालत नव्हती. पेटवली की खोलीभर धूर, नाही पेटवली तर हाडे गोठवणारी थंडी. पोशाखाबद्दल दिलेला शब्द त्यांनी पाळला आणि पेनसिल्व्हेनियाच्या हिवाळ्यात साडी पुरी पडत नव्हती. खाण्याबद्दल दिलेला शब्दही पाळला. शाकाहारी जेवण, तेही बहुतेक स्वतःच रांधलेले. दिवसभर लेक्चर आणि शवविच्छेदन करून संध्याकाळी दमून परत आल्यावर एका माणसासाठी चूल पेटवायची. डाळ, भाकरी, उसळ, ताक हे इथले रोजचे अन्न तिथे सहज मिळण्यासारखे नव्हते.

परदेशात शिकायला गेलेली आपल्या घरातली मुले हेच थोड्या सौम्य रूपात अनुभवतात. घोडबंदरच्या सोसायट्यांमध्ये अशी कितीतरी घरे आहेत जिथे मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, जर्मनीत किंवा ऑस्ट्रेलियात आहे. रोज व्हिडिओ कॉल होतो, चेहरा दिसतो, पण ताटात काय आहे ते दिसत नाही. एकट्यासाठी स्वयंपाक करायचा कंटाळा येतो, मग ब्रेड, नूडल्स, कॉफी. आपल्या इथेही ट्रॅफिकमध्ये दीड तास घालवून रात्री दहाला घरी पोहोचणाऱ्या माणसाचे याहून फार वेगळे नसते.

अन्न कमी पडले की मेंदूचे काय होते

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण विश्रांतीच्या वेळी शरीर जेवढी ऊर्जा वापरते, तिच्यातली जवळजवळ २० टक्के तो एकटाच वापरतो. त्याला ही ऊर्जा मुख्यतः ग्लुकोजमधून मिळते आणि मेंदू ती साठवून ठेवू शकत नाही. म्हणून जेवण चुकले की आधी डोके दुखते, मग चिडचिड होते, मग साधी बेरीजही चुकते. हा झाला काही तासांचा परिणाम.

काही महिन्यांचा परिणाम जास्त खोल असतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग झाला. त्यांनी स्वखुशीने भाग घेतला होता. सहा महिने त्यांना नेहमीच्या साधारण निम्मे अन्न दिले गेले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. पण संशोधकांना जास्त जाणवला तो स्वभावातला बदल. हसतीखेळती मुले उदास झाली, चिडू लागली, मित्रांपासून दूर राहू लागली, सतत खाण्याचाच विचार करू लागली. घरात काही दुःख नव्हते, नोकरी गेली नव्हती. फक्त अन्न कमी झाले होते. अपुरे अन्न मन बदलू शकते, याचा हा ठळक पुरावा आहे.

पोट भरलेले असूनही काही घटक कमी पडू शकतात. शुद्ध शाकाहारी माणसाला बी-१२ जीवनसत्त्व फक्त दूध, दही, ताक, पनीर यांतून मिळते, तेही पुरेसे घेतले तरच. ते कमी पडले की पायाला मुंग्या येतात, विसरायला होते, मन उदास राहते. प्रथिने कमी पडली की शरीराची झीज भरून निघत नाही आणि संसर्गाशी लढण्याची ताकद कमी होते.

आहार सुधारला तर मन सुधारते का? ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नैराश्य असलेल्या ६७ जणांचे दोन गट केले होते. एका गटाला १२ आठवडे आहारतज्ज्ञांच्या मदतीने भाज्या, फळे, कडधान्ये, पूर्ण धान्ये, मासे, सुकामेवा यांचा आहार दिला, दुसऱ्या गटाला नुसती गप्पांची सोबत. पहिल्या गटातल्या साधारण एक तृतीयांश लोकांचे नैराश्य जवळपास गेले, दुसऱ्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते. अभ्यास लहान आहे आणि त्यातल्या बहुतेकांचे औषध किंवा समुपदेशन आधीपासून चालूच होते. म्हणून याचा अर्थ गोळ्या बंद करून सॅलड खा असा होत नाही. चांगला आहार उपचाराला हात देतो, उपचाराची जागा घेत नाही.

पदवी मिळाली, तब्येत गेली

फिलाडेल्फियात आनंदीबाईंची तब्येत आणखी बिघडत गेली. ताप येऊ लागला. खोकला सुरू झाला आणि तो पुन्हा कधी थांबला नाही. तरी अभ्यास थांबला नाही. पुढे गोपाळरावही अमेरिकेत येऊन पोहोचले. हिंदू लोकांमधील प्रसूतिशास्त्र या विषयावर त्यांनी प्रबंध लिहिला. दहा दिवसांचे बाळ गमावलेल्या मुलीने निवडलेला हा विषय होता. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. ची पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. व्हिक्टोरिया राणीकडूनही अभिनंदनाचा निरोप आला. कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली.

वर्ष संपत आले तेव्हा त्या मायदेशी परतल्या. स्वागत झाले, सत्कार झाले. पण त्या आता अंथरुणाला खिळल्या होत्या. कोल्हापूरचे काम सुरू झालेच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षे पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आल्या.

आजार होता क्षयरोग, म्हणजे टीबी.

मग दोष कुणाचा? अन्नाचा, ताणाचा, की जंतूचा?

रॉबर्ट कॉख यांनी टीबीचा जंतू सापडल्याचे बर्लिनमध्ये जाहीर केले ते २४ मार्च १८८२ रोजी. आनंदीबाई अमेरिकेला निघाल्या त्याच्या जेमतेम वर्षभर आधी. कारण कळले होते, पण इलाज नव्हता. टीबीवरचे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडले. तोपर्यंत विश्रांती, मोकळी हवा आणि पौष्टिक अन्न एवढेच डॉक्टरांच्या हातात होते.

टीबी ताणाने होत नाही आणि कमी खाल्ल्यानेही होत नाही. तो जंतूमुळे होतो. पण जंतू शरीरात शिरलेल्या बहुतेकांना आजार होत नाही, कारण प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. ही पकड सैल करणाऱ्या गोष्टींमध्ये कुपोषण मोठे आहे. डायबेटिस, धूम्रपान, दारू, एचआयव्ही हीसुद्धा कारणे आहेत. घरातला धूरही फुप्फुसांना कमजोर करतो. दीर्घकाळचा ताण झोप आणि भूक बिघडवून त्यात भर घालतो. थंड, धुरकट खोलीत अपुरे जेवून रात्रंदिवस अभ्यास करणाऱ्या मुलीच्या बाबतीत यातल्या किती गोष्टी एकत्र आल्या, हे तुम्हीच मोजा.

आता याची उलटी बाजू, जी पेशंटच्या घरच्यांना सहसा माहीत नसते. टीबीसारखा आजार स्वतःच मनावर परिणाम करतो. जंतूशी लढताना पांढऱ्या पेशी काही रसायने सोडतात. ती मेंदूपर्यंत पोहोचतात आणि भूक कमी करतात, अंगातली शक्ती काढून घेतात, माणसाला एकटे पडून राहावेसे वाटते. फ्लू झाल्यावर दोन दिवस आपल्याला जसे वाटते, तसे या पेशंटला महिनोन्‌महिने वाटत राहते. म्हणून भूक मंदावते, भूक नाही म्हणून वजन घटते, वजन घटल्यामुळे प्रतिकारशक्ती आणखी कमी होते, आणि मन खचते. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त खचलेले मन दिसते.

आनंदीबाईंना डिप्रेशन होते असे म्हणणे मात्र योग्य नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसाचे असे निदान करता येत नाही. आणि आजारी शरीराने तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तर ते घाईचे ठरेल. त्यांचे आयुष्य वेगळी गोष्ट शिकवते. जिद्दीचे माणूस आजार लपवू शकते, कधी स्वतःपासूनसुद्धा. घरातली सर्वांत हुशार, सर्वांत कर्तबगार व्यक्ती थकते तेव्हा सगळ्यांना वाटते की कामाचा ताण आहे, परीक्षा झाली की बरे वाटेल, प्रोजेक्ट संपला की बरे वाटेल.

आज आपल्या घरात काय करायचे

थकवा किंवा उदासी दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली, तर डॉक्टरकडे जा. जाताना घरच्यांनी ठरवलेले कारण सांगण्याऐवजी काय काय होते ते सगळे सांगा. भूक, झोप, वजन, ताप, खोकला, पाळी, चालू असलेल्या गोळ्या, दारू-तंबाखू, घरातले आणि कामावरचे वातावरण. मारहाण किंवा धाक असेल तर तेही. त्यासाठी डॉक्टरांशी एकट्याने बोलायचे आहे, असे म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे.

बहुतेक वेळा काही साध्या तपासण्यांपासून सुरुवात होते. रक्ताची सीबीसी तपासणी, थायरॉइड, शुगर, बी-१२, आणि गरजेप्रमाणे लोह किंवा व्हिटॅमिन डी. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे पेशंट नाटक करतोय असा अर्थ होत नाही. मग नैराश्य किंवा चिंतेचा विकार आहे का ते पाहायचे असते आणि त्यावरही चांगले उपचार आहेत.

पुढील लक्षणे असतील तर टीबीची तपासणी टाळू नका :

• दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला
• संध्याकाळी येणारा बारीक ताप
• रात्री येणारा घाम
• कारणाशिवाय घटलेले वजन
• थुंकीतून रक्त, किंवा मानेला न दुखणारी गाठ

सरकारी आरोग्य केंद्रात टीबीची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. साध्या टीबीचा उपचार बहुधा सहा महिन्यांचा असतो आणि नियमित घेतला तर आजार बरा होतो. निक्षय पोषण योजनेत पेशंटला उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला १००० रुपये मिळतात. ही रक्कम खरोखर त्याच्या ताटात जाऊ द्या. झारखंडमधल्या टीबी पेशंटच्या घरांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, घरच्यांना जादा शिधा दिल्यावर त्यांच्यात नव्याने टीबी होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. अन्न हेही औषध आहे, असे आपण सहज बोलून जातो. इथे ते मोजून दाखवले गेले.

टीबीच्या पेशंटचे मन सांभाळणेही उपचाराचाच भाग आहे. खचलेला माणूस गोळ्या अर्ध्यावर सोडतो. त्याचे ताट वेगळे, कोपरा वेगळा असे करू नका. ताट-वाटीतून टीबी पसरत नाही, तो खोकल्यातून हवेमार्गे पसरतो. सुरुवातीच्या काळात मास्क आणि उघड्या खिडक्या यांची गरज असते, अबोल्याची नाही.

आहारासाठी महागड्या पावडरींची गरज नाही. नाचणी किंवा बाजरीची भाकरी, रोज एक वाटी डाळ किंवा उसळ, पालेभाजी, वर लिंबू, दही किंवा ताक, मूठभर शेंगदाणे, खात असाल तर अंडे किंवा मासे. जेवणाला लागून चहा घेऊ नका, त्याने लोह कमी शोषले जाते. सकाळचे खाणे चुकवू नका. दुपारचा डबा चारला उघडण्याची सवय असेल, तर मध्ये फुटाणे आणि केळे जवळ ठेवा. संध्याकाळनंतर कॉफी टाळा, झोप सुधारेल. झोप सुधारली की दुसऱ्या दिवशीचा ताण सोसायला सोपा जातो.

मूल परदेशी असेल तर जेवलास का, एवढेच विचारून फोन ठेवू नका. त्याचे उत्तर नेहमी हो असेच येते. आज काय खाल्ले, वजन किती आहे, झोप किती होते, कोणाबरोबर जेवतोस, हे विचारा. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. एकट्याने जेवणारा माणूस कमी आणि घाईत जेवतो. आनंदीबाईंना कार्पेंटरबाईंच्या रूपाने परक्या देशात मायेचे एक घर मिळाले होते. आपल्या मुलांनाही तिथे असे एखादे घर आहे ना, याची खात्री करा.

आयुष्य नकोसे वाटते, मरावेसे वाटते असे कोणी बोलून दाखवले, तर ते हसण्यावारी नेऊ नका आणि त्या व्यक्तीला एकटे सोडू नका. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे. मराठीतूनही बोलता येते. तातडी असेल तर थेट जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात न्या.

शुक्र ग्रहावरच्या एका विवराला आज आनंदीबाईंचे नाव आहे. ज्या आजाराने त्या गेल्या, त्याची औषधे आज आपल्या जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. फक्त तपासणी वेळेवर व्हायला हवी. तुमच्या घरात कोणी बऱ्याच दिवसांपासून थकलेले असेल, खोकत असेल किंवा कमी जेवत असेल, तर कारण घरीच ठरवू नका. या आठवड्यात त्यांना घेऊन डॉक्टरकडे जा.